काळी चारचा पियानो

मोठ्यानं सांगते, ऐका! ह्यातला एकूणएक शब्द खरा हाय. खोटा निघाला तर माझ्या तोंडात राहिलेल्या चार दातांतला एक आत्ताच्या आत्ता तुमच्या ताटात पडंल. तू साताऱ्याच्या त्या हॉलात व्हतीस का, मिस्बाहच्या मनात काय चाललं व्हतं ते तुला कुणी सांगितलं, असलं काय इचारायचं न्हाई. ठाऊक हाय म्हणजे हाय.

तर दुपारचे दोन वाजले व्हते. मिस्बाहनं पियानोचं झाकण उघडलं आन नुसती बोटं बघावीत म्हणून तीन सूर एकदम दाबले, आन तिच्या अंगावर काटाच आला. तीन सूर तीन राहिलेच न्हाईत. एकच झाला, पाण्यागत निवळ. पियानोत सूर कितीबी चांगले लावले तरी त्यांच्यात बारीक थरथर असते, तळ्यावरनं वारं गेल्यागत. लहानपणापासनं तिनं ती ऐकली व्हती, तिला ती पियानोची कातडीच वाटायची. ती थरथर गेली व्हती. तिनं मागं वळून बघितलं. खुर्च्या मांडायच्या व्हत्या, खिडकीतनं अजिंक्यतारा दिसत व्हता, हॉलात कुणी न्हवतं. मग तिनं संध्याकाळच्या कार्यक्रमातल्या चौथ्या गाण्यातला तो सूर-गुच्छ दाबला, ज्याच्यासाठी तिनं आठ महिने घालवले व्हते. कुणी झोपेत करकरा दात खावेत तसा पियानो वराडला. तिनं हात उचलला. पुन्ना दाबला. पुन्ना तेच. तिसऱ्या डावाला तिनं हात लावला न्हाई. कारण काय झालंय ते तिला कळलं व्हतं, कुणी केलंय तेबी कळलं व्हतं, आन संध्याकाळी सहाला माणसं येणार व्हती.

हॉलाची देखभाल करणारा लालासाहेब, फौजेतनं रिटायर झालेला गडी, खुर्च्या घेऊन आला तवा तिनं इचारलं, "काल हितं कोण आलं व्हतं वो?"

"कोण येणार? तुमचे वडीलच की. सकाळी नवाला बसले ते पाचला उठले. दोन डाव चहा दिला, दोन्ही डाव गार केला. म्हणलं चाचा, बिघडलंय काय? तर म्हणले, बिघडलं न्हाई, खोटं लागलंय, खरं करतो."

"आन तुमी करू दिलं?"

"आवं, बाप हाय तुमचा! आन हात काय त्यांचा! आमच्या युनिटात एक आर्मरर व्हता, बंदुका दुरुस्त करणारा, रायफल असली उघडायचा. तसा हात." मग तिच्या तोंडाकडं बघून खुर्ची खाली ठेवत म्हणला, "का? काय चुकलं का मॅडम?"

"न्हाई," मिस्बाह म्हणली. "काय न्हाई."

चुकलं व्हतं ते तिचंच. परवा मिरजेत, जेवताना, अब्बा डाळीत भाकरी कुस्करत बसले व्हते तवा तीच म्हणली व्हती, अब्बा, पुण्याचा माणूस येऊन साताऱ्याच्या हॉलातला पियानो लावून गेलाय, पण तुमी बी उद्या जाऊन या, जरा कान टाका, तुमच्या कानाला बरं वाटंल तसं करा. तिला तसं म्हणायचंच न्हवतं. त्यांना कुणीतरी काम सांगावं, एवढंच तिच्या मनात व्हतं. बादशहाभाई म्हणजे तिचे अब्बा, मिरजेतले तंबोरे करणारे. त्यांचा बापबी तेच, त्याचा बापबी तेच. पण आता तंबोरा फोनात आलाय. अब्बा रोज दुकान उघडायचे, टांगलेल्या भोपळ्यांवरची धूळ फडक्यानं पुसायचे, एकाची तार छेडायचे, पुन्ना हात ठेवून ती बंद करायचे, दुकान लावून घरी यायचे. लेकीच्या पियानोला त्यांनी एवढ्या वर्षांत बोट लावलं न्हवतं. पुण्याचा माणूस चावी फिरवायचा तवा मातुर शेजारी उकिडवे बसून बघायचे, आन बघून बघूनच शिकले, चावीबी घेऊन ठेवली एक. पण लावला कवा न्हाई. तुझं वाद्य हाय, म्हणायचे. एकदाच, ती अठराची असताना, त्यांनी इचारलं व्हतं, "तुझ्या वाद्याचा सा कुठला गं?" आन ती हसून म्हणली व्हती, "कुठलाबी! जिथं बोट ठेवीन तो सा." अब्बा हसले न्हवते. कुणी आपल्या घराचा पत्ता इचारल्यावर गावभर हात फिरवून दाखवावा, तसं त्यांना वाटलं असंल. तिला ते आज कळत व्हतं, सोळा वर्षांनी, ह्या वराडणाऱ्या सुरांफुडं बसून.

आता तुमच्या ध्यानात यावं म्हणून सांगते. तंबोऱ्याला एकच सा. त्या एका 'सा'ला बाकीचे सूर खरे मिळाले की काम झालं. पियानोला तसं चालत न्हाई. तिथं प्रत्येक पट्टीला कवातरी सा व्हायचं असतं, म्हणून लावणारा काय करतो, प्रत्येक सुराला थोडं थोडं खोटं पाडतो. सगळ्यांना सारखं. कुणाचंच पोट भरत न्हाई, कुणी उपाशीबी ऱ्हात न्हाई. अब्बांना ते ऐकवलं नसणार. गंधार चढलाय, म्हणले असतील, आन बसले असतील चावी घेऊन. गाणारीची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी, हे त्यांना ठाऊक व्हतं. आख्खा पियानो त्यांनी काळी चारला मिळवला, दोनशेच्या वर तारा, एका दिवसात, एकट्या कानानं. काळी चारच्या घरात सगळी गोकुळागत नांदत व्हती. त्या घरातनं पाऊल भाईर टाकलं की मारामारी.

आन चौथं गाणं तर त्या घरातनं भाईर पडण्यासाठीच केलेलं.

कविता राजेश्वरीच्या. राजेश्वरी म्हणजे साताऱ्यात एका दवाखान्यात एक्स-रे काढणारी बाई, पन्नाशीची, एकटी, तुटक बोलणारी. तिची एक कविता मिस्बाहनं सांगलीच्या स्टँडवर दिवाळी अंकात वाचली, गाडी सुटून गेली तरी उठली न्हाई. श्वास घ्या. रोखा. हलू नका. एवढ्यात मी तुम्हाला आतून बघून घेते. सोडा आता. कपडे चढवा. पुढचं नाव कोण? एवढीच कविता. तिला पियानो आन गळा, दोनच गोष्टींनी बांधायचं, तबला न्हाई, पेटी न्हाई, हे मिस्बाहला तिथंच बाकड्यावर दिसलं व्हतं. तीन डाव साताऱ्याला गेली ती परवानगी मागायला. तिसऱ्या डावाला राजेश्वरी दवाखान्याच्या पायरीवर डबा खात खात म्हणली, "चाल लावतात म्हणजे काय करतात, ठाऊक हाय मला. पहिली ओळ चार डाव घोळतात, मधी आ-आ करतात. माझी कविता म्हणजे काय दळण हाय का, पुन्ना पुन्ना घालायला?"

"एकबी ओळ दोनदा येणार न्हाई. आ-आ न्हाई."

"मग काय हाय?"

मिस्बाहची बोटं पायरीवरच वाजायला लागली. राजेश्वरीनं डब्याचं झाकण लावलं. "पाच कविता घे. कर. मी ऐकायला येईन, लोकांसंगं, एकदाच. पटलं न्हाई तर त्या दिवसापासनं माझ्या कवितेला हात लावायचा न्हाई तू. चालंल?"

चालंल, म्हणली व्हती ही येडी. दोन वर्षं झाली त्याला. दोन वर्षं ती शिकवण्या करून उरलेल्या वेळात त्या पाच कवितांत ऱ्हायली, जेवता जेवता टेबलावर बोटं आपटत, गॅसवर दूध उतू घालवत. चौथ्या गाण्यात 'रोखा' म्हणल्यावर गळा गप व्हायचा, आन पियानो एकदम परक्या पट्टीत जायचा, काळी चारपासनं लांबात लांब, पांढरी दोनवर. लोकांनी श्वास धरलेला आन पायाखालची फरशी कुणी काढून घेतलेली. तिथं तो सूर-गुच्छ स्वच्छ पायजे व्हता, थंडगार, एक्स-रेच्या खोलीतल्या काचेगत. दात खाणारा न्हाई. वराडला तर राजेश्वरीला वाटणार, हिला कवितेत रडारड करायची व्हती. आन ती उठून जाणार. आन खरं सांगायचं तर मिस्बाहबी तिच्या जागी असती तर उठून गेली असती.

तिनं पुण्याला फोन लावला. माणूस मुंबईत, परवा येतो म्हणला. तिनं चौथं गाणं काळी चारमधीच ठेवून वाजवून बघितलं. कविता मेली. रोखा म्हणल्यावर काय झालंच न्हाई, शेजारी चहा ठेवल्यागत पुढं गेलं. तिनं हात मांडीवर ठेवले. ते तिला कुणा दुसऱ्याचे वाटले. मधीच तिला शरम वाटली, कारण पहिल्या गाण्याचे तीन सूर तिनं पुन्ना दाबले व्हते, नुसते ऐकायला, आन ते एवढे गोड व्हते की तिचे डोळे भरले. बापानं तिला आयुष्यात असलं काय दिलं न्हवतं. आन ते तिला चालणारं न्हवतं.

साडेतीनला गाणारी आली. संयोगिता, फलटणची, सुभेदाराची पोरगी, उंच, खांदे रुंद, जिना चढतानाच गळा मोकळा करणारी. पहिलं गाणं म्हणली आन टाळी दिली. "आज लय ग्वाड लागतंय गं! गळ्याला काय करायलाच लागंना, सूर आपणहून धरतोय." मग चौथं. 'रोखा' म्हणून थांबली, मिस्बाहनं पट्ट्या दाबल्या, आन संयोगितानं कानावर हात ठेवला. "आगाई! हे काय?"

मिस्बाहनं सांगितलं.

"मग सांग की चाचांना. सरळ सांग. आमच्या आबांनी माझ्या गाडीत पेट्रोलच्या जागी डिझेल घातलं व्हतं, मी गावभर बोंबलले. काय झालं? हायत की आबा, रोज उसाला पाणी देत्यात."

"तुझे आबा गाड्या बनवत न्हवते गं."

संयोगितानं कवितांचे कागद सरळ केले. मग म्हणली, "आन राजेश्वरीताई?"

"ती सहाला येईल."

"येईल तशी जाईल," संयोगिता म्हणली, आन लगेच जीभ चावली.

साडेचारला अब्बा आले. इस्त्रीचा पांढरा कुर्ता, टोपी, कानात अत्तराचा फाया. आल्या आल्या लालासाहेबाचा हात हातात घेऊन बोलले, मग पियानोपाशी आले आन त्याच्या लाकडावरनं हात फिरवला, घोड्याच्या पाठीवरनं फिरवावा तसा. "कसा लागलाय?"

मिस्बाहच्या घशात वाक्य तयार व्हतं. दुपारपासनं तिनं ते घडवलं व्हतं, त्याचे कोपरे घासून मऊ केले व्हते. अब्बा, लय सुंदर झालंय, पण एक करायचं. एवढंच. तासभर मिळाला असता, दोघांनी मिळून मधल्या सुरांचं काहीतरी केलं असतं. तिनं तोंड उघडलं.

"छान," ती म्हणली.

"चाळीस वर्षांत असलं काम केलं न्हाई मी," अब्बा म्हणले. "पहिल्यांदा घाबरलो. एवढ्या तारा, कुठनं धरायचं? मग म्हणलं, पोरीची गाणारी काळी चारची हाय, तिथनं धरू. दुपारपर्यंत कान बसला." आन मग जरा लाजून, तिच्याकडं न बघता, "आता तुझ्या वाद्याला सा हाय."

झालं. वाक्य आतच राहिलं. अब्बा जाऊन तिसऱ्या रांगेत बसले, हात गुडघ्यांवर, निकाह लावायला आल्यागत ताठ. मिस्बाह पडद्यामागं उभी राहून त्यांच्याकडं बघत व्हती आन तिला एकाएकी आठवलं, लहानपणी दुकानात ती तासन्‌तास तार छेडत बसायची आन अब्बा खाली वाकून तार टेकते ती घोडी घासायचे, तारेखाली दोरा सरकवायचे, केसाएवढा इकडं, केसाएवढा तिकडं, आन इचारायचे, आता? ती म्हणायची, अजून. तिच्या 'अजून'वर ते कवा चिडले न्हाईत. सात वर्षांची पोर त्यांना अजून म्हणायची. चौतीस वर्षांच्या बाईच्या तोंडनं मातुर एक शब्द फुटत न्हवता. मोठं झालं की आपण बापाला जपायला लागतो, आन तिथनंच बापाचं आपल्याशी काम पडायचं बंद व्हतं, असं काहीतरी तिच्या डोक्यात आलं आन लगेच गेलं, कारण खालनं जिन्यावर चपला वाजल्या.

राजेश्वरी थेट ड्युटीवरनं आलेली, खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी. पहिल्या रांगेत बसवायला लालासाहेब धावला तर म्हणली, "दाराजवळ बसते. जायला सोपं."

साठ-सत्तर माणसं झाली. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. पियानो असा वाजत व्हता की भिंतींना सुटलेला पोपडा पुन्ना चिकटला म्हणतात. मिस्बाहला त्यातलं काय ऐकू येत न्हवतं. तिला फक्त पुढचा सूर-गुच्छ ऐकू येत व्हता, तो यायच्या आधी. वाजवताना माणूस एका वेळी दोन जागी असतो, बोटं हितं आन कान पुढं, पण आज पुढं एक कुत्रं दात विचकून बसलं व्हतं आन प्रत्येक मात्रेला ती त्याच्याजवळ जात व्हती. टाळ्या झाल्या. संयोगितानं पाणी प्यायलं, तिच्याकडं बघितलं, भुवया उचलल्या. मिस्बाहनं मान हलवली. चौथं सुरू झालं.

श्वास घ्या, संयोगिता म्हणली. हॉलानं घेतला. रोखा.

मिस्बाहचे हात पांढरी दोनवर गेले आन पट्ट्यांच्या बोटभर वर थांबले. एक क्षण. दुसरा. लोकांनी खरंच श्वास धरला व्हता, त्यांना वाटलं हे गाण्यातलंच. राजेश्वरी जरा पुढं वाकली. मिस्बाहनं माइक जवळ ओढला आन सगळ्यांना ऐकू जाईल असं, स्वच्छ म्हणली, "अब्बा, वर या. हे मला खोटं लावून पायजे."

लोकांनी श्वास सोडला. अब्बा उठले. हळूहळू आले, पायऱ्या चढले, कुर्त्याच्या खिशातनं चावी काढली, पियानोचा वरचा फळा उघडला. आन आपल्याकडच्या लोकांची गंमत बघा, एकानंबी कुरकूर केली न्हाई. तंबोरे स्टेजवरच लागतात, गवई बसल्यावर अर्धा तास खुंट्या पिळतात, हे बघायची सवय. कुणी पाय पसरले, कुणी शेंगदाण्याची पुडी सोडली, मागनं एक म्हातारा सवयीनं "वा" म्हणला.

"ही, ही आन ही," मिस्बाह खालच्या आवाजात म्हणली. "तिन्ही सप्तकांत. नऊ."

"किती?"

"हा पंचम उतरवा. मिळंल. मिळाल्यावर केसभर आणखी खाली."

चावी फिरली. सूर एकमेकांवर आपटत व्हते, मग संथ झाले, मग मिळाले. दोघांनीबी ऐकलं. अब्बांनी डोळे मिटले आन तिथं ऱ्हायले, जरा जास्तच. मग मनगट हललं, आन ते मिळालेलं त्यांनी आपल्या हातानं सोडवलं. मिस्बाहनं मान फिरवली. तिला ते बघवलं न्हाई.

"आन गंधार?"

"गंधाराला मिळूच द्यायचं न्हाई. जवळ आणायचं आन थांबायचं."

"मिळायच्या आधी?"

"हं."

"माझ्या बापानं मला मिळाल्याबिगर सोडायचं न्हाई असं शिकवलं," अब्बा म्हणले. रागानं न्हवं. बाजारात वेगळं नाणं हातात आल्यावर माणूस उलटून बघतो, तसं. मग त्यांनी जवळ आणला आन इचारलं, "आता?"

"जरासा."

"आता?"

"बास."

वीस मिनिटं लागली. नऊ सुरांच्या पंचवीस तारा. शेवटी मिस्बाहनं तो सूर-गुच्छ एकदा हळू दाबला. थंड. स्वच्छ. आत ती बारीक थरथर परत आलेली. अब्बांनी तो ऐकला, कान तिरका करून, शेजारच्या घरातलं बोलणं ऐकावं तसा. "असा हाय व्हय तो," म्हणले, आन खाली जाऊन बसले.

चौथं गाणं पुन्ना पहिल्यापासनं झालं. कविता दोनदा म्हणायची न्हाई हा करार त्यात मोडला, ते मिस्बाहला वाजवताना आठवलं, पण तवर 'रोखा' आलं व्हतं. पियानो पांढरी दोनवर गेला. कुणाची खुर्चीबी वाजली न्हाई. सोडा आता. कपडे चढवा. पुढचं नाव कोण? संयोगिता थांबली. टाळ्या पडल्या. राजेश्वरी उठून उभी राहिली, पर्स खांद्याला, डब्याची पिशवी हातात. मिस्बाहला टाळ्या ऐकू यायच्या बंद झाल्या.

"टाळ्या काय वाजवताय?" राजेश्वरी लोकांवर खेकसली. "पाच कविता दिल्या मी हिला. चार झाल्या. ऐकू द्या की." आन खाली बसली.

पाचवं गाणं काळी चारचं व्हतं. नऊ सूर आता त्या घरचे राहिले न्हवते, त्यामुळं गाणं तीन जागी जरा दुखलं. हॉलात दोघांनाच कळलं. एक वाजवत व्हती, एक तिसऱ्या रांगेत बसले व्हते.

हे सगळं खरं हाय. एक सोडून. ती माइकमधली हाक मी घातली. मिस्बाहनं तोंड उघडलं व्हतं, पण शब्द काय आला न्हाई, हात तसेच अधांतरी. दिवसभर घशात अडकलेलं वाक्य, म्हणलं गोष्टीत तरी पोरीच्या तोंडनं भाईर पडू दे. तिचे हात काळी चारच्या घराभाईर थांबलेले बघून अब्बा आपणच उठले. कुणी बोलावल्याबिगर पायऱ्या चढून वर आले, चावी काढली, आन तिच्या कानाशी वाकून म्हणले, "किती खोटं पायजे तेवढं सांग."